डोंगरमाथ्यावरची परसबाग: पावसाळ्यात पाणी काढा, उन्हाळ्यासाठी पाणी राखा, वर्षभराचं नियोजन असं करा

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठलं की मोबाईलवर फोटो फिरू लागतात. पर्यटकांसाठी ती मजा असते. पण महाबळेश्वर, जावळी आणि पाटण तालुक्यांच्या डोंगराळ गावांत घरामागे चार वाफे करणाऱ्या बायकांना विचारलं, तर भाजीची खरी अडचण त्या दोन-चार थंड रात्रींची नसते. पावसाळ्यात पाणी इतकं होतं की मुळं कुजतात आणि एप्रिल-मेमध्ये त्याच वाफ्याला घालायला तांब्याभर पाणी मिळत नाही. मधल्या चार-पाच महिन्यांत जे काय पिकतं तेवढंच.

बाकीचे महिने भाजी बाजारातून येते. वाई, मेढा, साताऱ्याहून घाट चढून आलेली भाजी वर महागच पडते. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर तीही येत नाही. 2021 च्या जुलैमध्ये महाबळेश्वरात एका दिवसात 590 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला, वाड्या-वस्त्या तुटल्या. अशा आठवड्यात घरामागे अळू, दोडका आणि मांडवावर घेवडा असला तर ताटात भाजी राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त महिलांमध्ये रक्त कमी असल्याचं दिसलं होतं. हिरव्या पालेभाजीचा विषय म्हणूनच नुसता पैशाचा नाही.

परसबागेची माहिती देणारे बहुतेक व्हिडिओ आणि माहितीपत्रकं सपाटीवरच्या गावांसाठी असतात. ती तशीच्या तशी डोंगरावर चालत नाहीत. इथलं नियोजन पाण्याभोवती बसवावं लागतं.

आपल्याकडे वेगळं काय आहे?

पहिली गोष्ट उंची. वाई साधारण 700 मीटरवर, तर महाबळेश्वर 1350 मीटरच्या आसपास. दर 100 मीटर चढलं की तापमान अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उतरतं. म्हणजे वाईपेक्षा वर चार अंश थंड. त्यामुळे खाली महिन्यात येणारी मेथी वर आठ-दहा दिवस जास्त घेते. पाकिटावर लिहिलेले दिवस बघून घाबरू नका, पीक उशिरा येणारच.

दुसरी गोष्ट पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. अवघ्या 20 किलोमीटरवरच्या पाचगणीत तो दोन हजारांच्या आसपास, आणि पसरणी घाट उतरून वाईत आलात की हजाराच्याही आत. तापोळा, बामणोलीसारखी कोयनेच्या पाण्याकाठची गावं उंचीने बरीच खाली आहेत, तिथं थंडी कमी, पण पाऊस मुसळधारच. म्हणून शेजारच्या तालुक्यातलं वेळापत्रक उचलू नका.

तिसरी गोष्ट बुरशी. महाबळेश्वरात गव्हावरच्या तांबेरा रोगाचं संशोधन केंद्र आहे. इथली थंड, दमट हवा त्या बुरशीला मानवते, म्हणून ते इथं. जी हवा गव्हाच्या तांबेऱ्याला चांगली, ती टोमॅटोच्या करप्यालाही चांगलीच.

जागा आणि माती

घराच्या पूर्वेला किंवा दक्षिणेला, सकाळचं ऊन मिळेल अशी जागा धरा. 20 फूट बाय 10 फूट जागा चार माणसांच्या घराला सुरुवातीला पुरते. सपाट गावांत बचत गट गोल आकाराची परसबाग करतात, ती दिसायला छान असते. पण उतारावर गोल आखलं की पाणी एका बाजूला साचतं आणि दुसऱ्या बाजूची माती धुपते. आपल्याकडे उताराला आडवे, लांबट वाफे करा. रुंदी 3 फूट, उंची जमिनीपासून एक फूट, दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट. कडेला दगड रचले की माती टिकते. स्ट्रॉबेरीला आपण गादीवाफे करतो, तसंच हे.

एक गोष्ट मात्र करू नका. घराच्या मागचा डोंगर कापून वाफे काढू नका आणि त्या बाजूला पाणी मुरेल असा खड्डा घेऊ नका. 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडींनी माणसं गेली. घरामागच्या चढावरचं पाणी घराला वळसा घालून ओढ्याकडं गेलं पाहिजे. बागेची जागा घराच्या बाजूला किंवा पुढं असलेली बरी.

माती आपली तांबडी, जांभ्याची. इतक्या पावसात तिच्यातला चुना वाहून जातो, म्हणून ती आंबट होते. यावर घरचा उपाय म्हणजे चुलीतली राख. एप्रिलमध्ये वाफा खणताना दर चौरस मीटरला दोन मुठी राख किंवा शेतीचा चुना मिसळा. शेणखत आणि राख एकाच दिवशी घालू नका, दोन्ही एकत्र आली की खतातला नत्र उडून जातो. मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या. प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड जाळलेली राख वापरायची नाही. माती एकदा तपासून घेतली तर राख किती घालायची ते नेमकं कळतं. त्यासाठी गावच्या कृषी सहाय्यकाला किंवा बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

अक्षय तृतीया ते मृग: वर्षाची खरी सुरुवात इथं

बरेच जण पहिला पाऊस पडल्यावर बी टोचतात. डोंगरावर ते उशिराचं ठरतं. मृगानंतर झड लागली की कोवळं रोप उभं राहत नाही. वेल पावसाआधी मांडवाला लागलेला पाहिजे.

म्हणून 15 मेच्या आसपास आळी करून दोडका, पडवळ, कारली, काकडी, भोपळा, घेवडा यांच्या दोन-दोन बिया लावा. तीन आठवडे तांब्या-तांब्यानं पाणी घालावं लागतं, पण इतक्या थोड्या आळ्यांना ते जमतं. अळू, सुरण, हळद, आलं यांचे कंद अक्षय तृतीयेपासून मे अखेरपर्यंत लावून घ्या. मांडव वाऱ्यात टिकेल असा मजबूत घाला. जुलैचा वारा काठीचा मांडव उचलून नेतो. चारही कोपऱ्यांना तिरका टेकू द्या.

याच दिवसांत चरही खणा. प्रत्येक वाफ्याच्या वरच्या बाजूला वीतभर खोल चर, आणि सगळे चर एका मोठ्या चरात सोडलेले. पाऊस सुरू झाल्यावर खणायला गेलं तर चिखलच होतो.

पावसाळा: थोडं लावा, टिकेल ते लावा

जुलै-ऑगस्टमध्ये आठवडे-आठवडे ऊन नसतं. धुकं आणि झड. या दिवसांत टोमॅटो, फ्लॉवर, पालक उघड्यावर लावणं म्हणजे बी वाया घालवणं. अळू, हळद, आलं, सुरण आणि मे महिन्यात चढवलेले वेल, हीच पावसाळ्याची भाजी. जोडीला रानातला टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली असतातच. ओळखीची, घरातल्या जुन्या माणसांना माहीत असलेलीच रानभाजी आणा. अळू आणि सुरण खाजतं, चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवा.

कोथिंबीर-मेथी हवीच असेल तर पडवीत करा. स्ट्रॉबेरीचे रिकामे क्रेट, फुटकी बादली, जुनं घमेलं काहीही चालेल. खाली भोकं पाडा, अर्धी माती आणि अर्धं कुजलेलं खत भरा. बाहेर करायचं असेल तर कामट्या वाकवून वर पारदर्शक प्लास्टिकचा बोगदा करा. दोन्ही तोंडं उघडी ठेवा. बंद केलं की आत वाफ धरते आणि रोप दोन दिवसांत सडतं.

वेलाला फुलं येतात पण फळ धरत नाही, अशी तक्रार दरवर्षी असते. झडीत मधमाशी बाहेर पडत नाही, म्हणून फळ धरत नाही. हे काम हातानं करता येतं. नर फूल तोडून त्याचा परागाचा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. मादी फुलाच्या मागं बारीक फळ दिसतं, तीच त्याची खूण. लाल भोपळा आणि काकडीची फुलं सकाळी उमलतात, दोडका, दुधी आणि पडवळाची संध्याकाळी. त्या-त्या वेळेलाच करा.

गोगलगायी रात्री निघतात. वाफ्यात ओलं पोतं टाकून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या सापडतात. हातमोजा किंवा चिमटा वापरून गोळा करा आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाका. मीठ वाफ्यात मात्र टाकू नका, माती खराब होते.

वेलाच्या पानांवर करपा दिसला तर बोर्डो मिश्रण उपयोगी पडतं. प्लास्टिकच्या बादलीत 5 लिटर पाण्यात 100 ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या बादलीत 5 लिटर पाण्यात 100 ग्रॅम चुना. दोन्ही वेगळे पूर्ण विरघळवून मग एकत्र करा. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घाला. उघडीप बघून त्याच दिवशी फवारा. पालेभाजीवर फवारू नका, फळं आठ दिवसांनी तोडा आणि धुऊन घ्या. स्ट्रॉबेरीचं उरलेलं कीटकनाशक घरच्या भाजीवर मारायची सवय काही ठिकाणी आहे, ती सोडा. कोणतं औषध किती दिवस टिकतं ते पिकानुसार बदलतं, आणि ही भाजी आपलीच पोरं खाणार आहेत.

हस्त ते संक्रांत: भरभराटीचे दिवस

सप्टेंबर संपता संपता हस्त लागतो आणि पाऊस ओसरायला लागतो. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, नवलकोल यांची रोपं ऑगस्टच्या मध्यात पडवीत क्रेटमध्ये टाकलेली असली तर आता ती लावायला तयार असतात. पाऊस थांबल्यावर बी टाकलं तर महिना-दीड महिना फुकट जातो आणि ऐन बहराच्या वेळी पाणी संपतं.

चार महिन्यांच्या पावसानं वाफ्यातलं खतही धुऊन गेलेलं असतं. म्हणून मेमध्ये खत घातलं होतं असं म्हणून थांबू नका. प्रत्येक वाफ्याला पुन्हा दोन घमेली कुजलेलं शेणखत घाला. मग मेथी, मुळा, पालक, गाजर, कोथिंबीर, वाटाणा, लसूण, सगळं घ्या. मेथी-कोथिंबीर एकदम सगळी पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एकेक पट्टा पेरला तर संक्रांतीपर्यंत ताजी भाजी निघत राहते. चार माणसांच्या घराला रोज 400 ग्रॅम पालेभाजी, म्हणजे एक मोठी जुडी, हे धोरण ठेवा.

दर पंधरवड्याला जीवामृत दिलं तर चांगलं. घरापुरतं करायचं तर 20 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवा, सकाळ-संध्याकाळ ढवळा आणि ओल असताना मुळाशी घाला.

दव गोठतं तेव्हा

आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि थंडी असली की रात्री जमीन आपली ऊब सोडून देते. थंड हवा जड असते, ती उतारानं खाली येऊन खोलगट जागेत साठते. म्हणूनच हिमकण वेण्णा तलाव आणि लिंगमळा भागात दिसतात, शेजारच्या उंचवट्यावर नाही. आपल्या अंगणातही तोच नियम. टोमॅटो, मिरची, वांगी, घेवडा सगळ्यात सखल वाफ्यात लावू नका. तिथं लसूण, मुळा, कोबी, वाटाणा लावा, त्यांना थंडी सोसते.

रात्री चांदण्या लख्ख दिसत असतील आणि वारा नसेल तर संध्याकाळी वाफा भिजवा. ओली माती दिवसाची ऊब जास्त वेळ धरते. रोपांवर कामट्या लावून जुनी साडी किंवा पोतं टाका, पानाला चिकटणार नाही असं. सकाळी ऊन आलं की काढून ठेवा. पानं काळी पडलीच तर लगेच छाटू नका, आठवडाभर थांबा, खालून नवी फूट येते का ते बघा.

फेब्रुवारी ते मे: 20 लिटरचा हिशेब

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. 20 फूट बाय 27 फुटांचं पत्र्याचं घर म्हणजे साधारण 50 चौरस मीटर. त्यावर 5500 मिलिमीटर पाऊस पडला तर 2 लाख 75 हजार लिटर पाणी एका घराच्या पन्हाळीतून वाहून जातं. त्याच घरातली बाई एप्रिलमध्ये झऱ्यावर हंडा घेऊन नंबर लावते.

सगळं पाणी साठवता येणार नाही, त्याची गरजही नाही. 2000 लिटर साठवलं तर रोज 20 लिटरप्रमाणे 100 दिवस जातात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली तर मेचा तिसरा आठवडा गाठता येतो, म्हणजे नव्या वेलांची आळीही त्यातच निघतात. टाकी घेणं परवडत नसेल तर 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 1 मीटर खोल खड्डा घेऊन त्यात शेततळ्याचा जाड कागद अंथरला की तेवढंच पाणी मावतं. वरून फळ्या किंवा पत्रा टाकून पक्कं झाकण करा. झाकण नसेल तर पाणी उडून जातं, डास होतात आणि पोरं-जनावरं पडायचा धोका राहतो. परतीच्या पावसात खड्डा काठोकाठ भरलाय ना ते बघा आणि फेब्रुवारीपर्यंत हात लावू नका.

आता हे 20 लिटर कुठं घालायचे? मडक्यांत. दहा लिटरची, रंग न दिलेली चार मातीची मडकी गळ्यापर्यंत जमिनीत पुरा. तोंडावर झाकण ठेवा. प्रत्येक मडक्याभोवती चार रोपं लावा. मडक्यातून पाणी झिरपून थेट मुळाला मिळतं, दर दोन दिवसांनी भरलं की पुरे. अशी 16 रोपं, वांगी, मिरची, टोमॅटो, एखादा दुधीचा वेल, उन्हाळाभर निघतात. बाकीचे वाफे मोकळे सोडा, त्यावर पालापाचोळा किंवा भाताचं काड चार बोटं जाड पसरा. स्ट्रॉबेरीचा जुना मल्चिंग कागद आणि ठिबकच्या नळ्या फेकू नका, दोन्ही इथं कामाला येतात. भांडी धुतलेलं पाणी केळीच्या आणि अळवाच्या खड्ड्यात सोडा. साबणाचं पाणी पालेभाजीला देऊ नका.

बियाणं आणि जनावरं

दोडक्याचा, घेवड्याचा पहिला चांगला, निरोगी तोडा बियाण्यासाठी वेलावरच वाळू द्या. आपल्या हवेत बी दमट होऊन मरतं. म्हणून ते खडखडीत वाळवून, राखेत घोळून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि पावसाळ्यात बरणी चुलीजवळच्या फळीवर असू द्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला तो अशाच घरच्या, गावरान बियाण्याच्या कामासाठी. तोही आपल्यासारखाच डोंगराळ मुलूख. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही, हे लक्षात ठेवा.

गवे, रानडुकरं, माकडं यांचा त्रास सगळ्यांनाच आहे. हळद, आलं, मिरची यांना माकडं सहसा हात लावत नाहीत, ती बाहेरच्या बाजूला लावा. रताळ्याला डुक्कर हमखास येतं, ते घराच्या भिंतीलगतच ठेवा. कुंपणात विजेचा प्रवाह कधीही सोडू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मरतात.

महिन्यावार कामं

- एप्रिल: वाफे खणणं, राख घालणं, आठ-दहा दिवसांनी शेणखत
- मे: कंद लावणं, 15 तारखेच्या आसपास वेलांची आळी, मांडव, चर
- जून-जुलै: चर मोकळे ठेवणं, गोगलगायी वेचणं, फुलं हातानं जुळवणं
- ऑगस्ट: पडवीत हिवाळी रोपं टाकणं
- सप्टेंबर अखेर-ऑक्टोबर: पुन्हा खत, रोपं लावणं, पालेभाजीचा पहिला पट्टा, पाण्याचा खड्डा काठोकाठ भरून झाकणं
- नोव्हेंबर-जानेवारी: दर पंधरवड्याला पेरणी, थंड रात्री झाकण, बी धरणं
- फेब्रुवारी-मे: मडकी, आच्छादन, रोज 20 लिटर

पहिल्याच वर्षी सगळं जमणार नाही. चर आणि पाण्याचा खड्डा ही दोन कामं आधी करा. खणायचं काम दोन-तीन घरांनी मिळून, पडखिळीनं केलं तर एका आठवड्यात सगळ्यांचं होतं. कागदाचा खर्च बचत गटातून करता येईल का, ते पुढच्या बैठकीत मांडा.